राणीच्या गालावरचा डाग

नाण्याची डबी मी फोडली. वहिनीने नाही. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली, आणि तोंडाने ते मी अजून कुणापुढेही म्हटलेलं नाही, बायकोपुढेसुद्धा नाही. त्या डबीपायी वहिनीच्या कमरेची कपाटाची किल्ली गेली. ती कुणाकडे आली, तर माझ्याकडे. आणि किल्ली गेली हे त्यातलं लहान नुकसान.

थोरला भाऊ मालवाहू बोटीवर होता. नऊ महिने समुद्रात, दोन-तीन महिने घरी. मी कट्टा गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून घरात मला सगळे ‘मास्तर’ म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही. घर मालवणजवळ, किनाऱ्याला लागून. भावाचा पगार नियमित यायला लागल्यावरही वहिनीने मासळीची पाटी सोडली नव्हती. घरी बसून मला आजारी पडल्यासारखं वाटतं, म्हणायची.

दोन हजार सालच्या चतुर्थीला भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याने ते नाणं आणलं. परदेशी, शुद्ध सोन्याचं, एका बाजूला राणीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाचं पान. पण नाण्यापेक्षा आम्ही सगळे बघत राहिलो ती डबी. तळहाताएवढी, जाड पारदर्शक प्लास्टिकची, कडा वितळवून कायमची बंद केलेली. वरच्या चिठ्ठीवर एक नंबर आणि ठळक आकडा : ७०. तिकडे म्हणे अशा कंपन्याच असतात. त्या नवीन नाणं भिंगाखाली तपासतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि डबीत बंद करून टाकतात.

“सत्तरपैकी सत्तर,” भाऊ म्हणाला. “भिंगातून बघितल्यानी, एक खोट गावली नाय.”

“मगे आमच्या मास्तराक पण घाल डबयेत,” आई म्हणाली. “बघूया किती मार्क पडतत.”

“हेका घालूक डबी पुराची नाय गो आये.”

मग त्याने आपल्या मुलीकडे, माझ्या पुतणीकडे, बघत नियम सांगितला. “ह्यां चेडवाच्या लग्नाक. तवसर डबी फोडूची नाय. फुटली काय सत्तर गेले, मगे निसता सोना.”

वहिनीने डबी उलटसुलट करून बघितली. “आणि बंद डबयेतल्या लक्ष्मीक हळद-कुंकू खंय लावू?”

“भायरसून लाव.”

आणि तिने ते तसंच केलं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात डबी पाटावर यायची, वहिनी प्लास्टिकवर कुंकवाचं बोट लावायची आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून डबी परत कपाटात ठेवायची. तीन वर्षं काही झालं नाही.

चौथ्या दिवाळीनंतर ती मागच्या पडवीत आली. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. तिने पदराखालून डबी काढली.

“भावजीनू, ह्या कुंकू जाणा नाय.”

मी भिंग आणलं. जुनी नाणी जमवण्याचा नाद होता मला, त्यामुळे भिंग हाताशी असायचं. राणीच्या गालावर, डोळ्याच्या थोडं खाली, विटकरी रंगाचा एक ठिपका होता. खसखशीच्या दाण्याएवढा. भोवती फिकट नारिंगी कडं. ते कुंकू नव्हतं आणि बाहेरून तर नव्हतंच. ते सोन्यावर होतं, डबीच्या आत.

“तांब्याचो डाग आसा,” मी म्हटलं.

“सोन्यात तांबा खंयसून इला?”

मला माहीत नव्हतं. इथे माझं पहिलं पाऊल चुकलं, आणि ते अज्ञानाने नाही, मास्तरकीने चुकलं. माहीत नाही असं म्हणायची मला सवयच नव्हती. मी म्हटलं, दर्याकाठचं घर, हवेत मीठ, कुठूनतरी आत शिरलं असेल, मिठाने धातू खराब होतो. वर्गात सांगतात तसं सांगितलं.

ती आपल्या हातांकडे बघायला लागली.

आमच्याकडे ‘खारो हात’ म्हणतात. काही बायकांच्या हाताला मूळचंच मीठ असतं अशी समजूत. त्यांनी घातलेलं लोणचं टिकत नाही, त्यांच्या हातात चांदी काळी पडते. लग्न होऊन आल्यापासून आईने वहिनीला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात दिवसभर बुडणारे हात ते. त्यांचं वेगळं काय होणार होतं? पण वहिनी हे आजवर हसण्यावारी नेत आली होती. त्या दिवशी नाही हसली.

“म्हणजे आये म्हणता तां खरा,” ती म्हणाली. “हे येवच्या आदी जायत मां ह्यो डाग? ह्यांका सांगू नकात.”

“हात्तिच्या,” मी म्हटलं. “एवढाच मां? मे महिन्याक अजून सहा महिने आसत.”

त्या सहा महिन्यांत मला त्या ठिपक्याने जेवढं छळलं तेवढं कुठल्याही विद्यार्थ्याने छळलं नसेल. डबी न फोडता जे करता येईल ते सगळं केलं. प्रयोगशाळेतल्या ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या बरणीत ठेवली. भाजलेल्या तांदळात पुरली. काचेच्या बाटलीत घालून बुचाला मेण लावलं. दर रविवारी भिंग घेऊन खसखशीचा दाणा शेजारी धरायचा आणि बघायचं. डिसेंबरात तो दाण्याएवढा होता. जानेवारीत दाण्यापेक्षा मोठा झाला. फेब्रुवारीत मी खसखस सोडून मोहरी घेतली. डाग आत, मी बाहेर. बोटाच्या जाडीचं प्लास्टिक मध्ये, आणि त्यावर माझंच तोंड उमटलेलं. चिडून एकदा मी डबी टेबलावर आपटलीसुद्धा. तिला ओरखडा आला नाही.

जानेवारीतच मी मुंबईच्या एका नाणेविक्रेत्याला पत्र टाकलं होतं. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात त्याच्याशी ओळख झाली होती. म्हातारा, कमी बोलणारा, पण नाण्यांतलं त्याच्याइतकं जाणणारा माणूस मी पाहिला नाही. डागाचं चित्र काढून पाठवलं, उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं. उत्तर नाही. मार्चमध्ये दुसरं पत्र. तेव्हाही नाही. फोन केला तर दुकानातलं कुणी तरी म्हणालं, शेठ आजारी आहेत. दरम्यान भावाचा निरोप आला, मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. वहिनी रोज काही विचारायची नाही. पाटी उतरवताना फक्त एकदा माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. त्या मान हलवण्याचा मला इतका वैताग आला होता की परीक्षा संपल्या त्या आठवड्यात मी ठरवलं, बस झालं.

एप्रिलची दुपार, शाळा रिकामी, प्रयोगशाळेत मी एकटा. करवतीच्या पात्याने डबीच्या कडेने कापत गेलो. अर्ध्यावर ती कडाडून तडकली आणि एक टवका उडून खिडकीच्या गजावर आपटला. नाणं माझ्या हातात पडलं. आकाराच्या मानाने फार जड. तयार झाल्यापासून त्याला बहुधा कुणाच्या उघड्या बोटाचा स्पर्श झाला नव्हता.

स्पिरिट लावलं, काही नाही. अॅसिटोनमध्ये बुडवलं, काही नाही. कडक आम्लाला हात लावायची छाती झाली नाही. मग डब्याच्या पिशवीतून आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली काढली. ती मी घरूनच आणली होती, म्हणजे मनात ते आधीपासून होतंच. आमच्याकडे सणाला तांब्यापितळेची भांडी कोकमाने उजळतात. माझ्या खणातले पोर्तुगीज अमलातले तांब्याचे पैसे मी सगळे आगळानेच स्वच्छ केले होते. डाग तांब्याचा, आगळ तांब्यावर चालतं. यात कुठे चूक होती?

कापसाने एक थेंब लावला. थोड्या वेळाने डाग फिकटला. खरंच फिकटला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो माझं ऐकत होता. तिथे थांबायचं होतं. पण माझा अंगठा पुढे झाला आणि समई घासताना फिरतो तसा गोल फिरला, दोनदा, तीनदा. घरात लहानपणापासून बघितलेलं ते फिरवणं, विचार न करता आलेलं.

आगळात मीठ असतं. ते टिकावं म्हणूनच घातलेलं असतं, आणि बाटलीच्या तळाशी न विरघळलेलं, कचकचीत उरतं. मालवणात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तळाचं आगळ घेतलं होतं. शुद्ध सोनं किती मऊ असतं हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो.

धुऊन भिंगाखाली धरलं. डागाच्या जागी पिवळट सावली उरली होती, आणि राणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गोल गोल चरे. डबीचे दोन तुकडे आणि नाणं मी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.  

चौथ्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर म्हाताऱ्याचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं. दवाखान्यात असल्यामुळे उशीर झाला म्हणून आधी माफी मागितली होती. मग लिहिलं होतं की असे लाल डाग नव्या शुद्ध सोन्याच्या नाण्यांवर पुष्कळ दिसतात. टांकसाळीत ठसा मारतानाच तांब्याचा एखादा सूक्ष्म कण सोन्यात दाबला जातो, तेव्हा तो डोळ्याला दिसत नाही आणि काही वर्षांनी लाल होऊन वर येतो. तो हवेने, मिठाने किंवा कुणाच्या हाताने पडलेला नसतो, त्यासाठी घरातल्या कुणाला बोल लावू नये. आणि काहीही झालं तरी डबी फोडू नये. डाग घेऊनसुद्धा सत्तर आकडा चिठ्ठीवर राहतो, फोडली की राहत नाही.

घरातल्या कुणाला बोल लावू नये. हे मी त्याला विचारलंही नव्हतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याने घरं बघितली असावीत.

पत्र मी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात घातलं. पुस्तक शाळेच्या पिशवीत. डबीचे दोन तुकडे चटकन सुकणाऱ्या गोंदाने चिकटवले. त्या गोंदाची वाफ आत कोंडली आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकला आतून पांढुरकं धुकं धरलं. पुसायला आत जाता येईना. तेही अंगाशी आलं. फडक्यात बांधून डबी मी वहिनीला परत दिली आणि सांगितलं, आता उघडून बघू नकोस, हवा लागते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. फडकं सोडलंसुद्धा नाही.

भावाने सोडलं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी, बोटीवरच्या एका गोव्याच्या मित्राला नाणं दाखवायचं म्हणून. आम्ही सगळे ओटीवर होतो. त्याने डबी उजेडात धरली, कडेवरून नख फिरवलं.

“ह्यां कोणी फोडल्यान?”

मग आई बोलली. “कोण फोडतला? दर दिवाळीक कुंकू कोण फासता तेका? सांगान सांगान थकलंय, तिचो हात खारो आसा. आयकता कोण?”

“तू उघडलंस?” त्याने वहिनीला विचारलं.

“मी कुंकू भायरसून लावलंय,” वहिनी म्हणाली. आणि एकदाच, अगदी एकदाच, माझ्याकडे बघितलं. डबी सहा महिने माझ्याकडे होती हे त्या ओटीवर आम्हा दोघांनाच माहीत होतं. ती सांगू शकत होती. ती मला वाट करून देत होती.

मी तोंड उघडलं, पण मालवणी येईना. ऑफिसात बोलतात तसल्या मराठीत मी म्हणालो, “उन्हाळ्यात प्लास्टिकचा सांधा आपोआप सुटू शकतो.”

“सांधो सुटता,” भाऊ म्हणाला, “मगे राणीचो गाल कोण ओरबाडता? मांजर?”

मित्र दुसरीकडे बघायला लागला. भावाने आवाज चढवला नाही. त्याची ती पद्धत नव्हती. हात पुढे केला. “कपाटाची चावी काड.”

वहिनीने कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळे बघत बसलो.

“हेच्याकडे रवात,” भाऊ म्हणाला आणि किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. “शिकलेलो माणूस आसा. वस्तू कशी सांभाळूची तां तेका कळता.”

दुसऱ्या दिवशी सुट्टीतल्या कामासाठी मी शाळेत निघालो होतो. वहिनी विहिरीवर होती. तिने कळशी खाली ठेवली.

“भावजीनू, तुमी कायतरी करूक गेलात मां?”

मी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“ऱ्हवांदे. तुमी माझ्यासाठीच करूक गेलात. मी तुमचा नाव घेवचंय नाय. डाग तर माझोच होतो.”

नववीचं पुस्तक तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. हात घालून पत्र काढायचं, एवढंच. पण पत्रात तारीख होती, आणि डबी फोडू नका असं लिहिलेलं होतं. ते वाचलं असतं तर माझी धांदल, माझी घमेंड, सगळं एका कागदात उघडं पडलं असतं. डबी मी फोडली हे तिने ओळखलं होतं आणि माफही केलं होतं. जे तिला माहीत नव्हतं, ज्याची तिला खरी गरज होती, तेच मी पिशवीत घेऊन कट्ट्याची गाडी पकडली.

त्यानंतर तिने सोन्याला हात लावणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारणीने नवी कुडी दाखवली तर ती हात पाठीमागे घेऊन वाकून बघायची. कुणाच्या बारशाला गेली तर बाळाची साखळी दुसऱ्या बाईकडून घालून घ्यायची. दोन हजार नऊमध्ये पुतणीचं लग्न झालं. नवरीच्या गळ्यातल्या हाराची कडी लागेना, तिने आईला हाक मारली. वहिनी दोन पावलं मागे सरकली. “माझो हात नको. तुझी काकी लायत.”

“आये, आजच्या दिसाक तरी!” पुतणी चिडून म्हणाली.

“आजच्या दिसाकच नको गो बाये.”

माझ्या बायकोने कडी लावली. मी दारात उभा होतो. वहिनीच्या स्वतःच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. पंचवीस वर्षं घामात, खाऱ्या पाण्यात, मासळीच्या पाटीखाली राहिलेलं. त्यावर एक ठिपका नव्हता. हे मी रोज बघत होतो. विज्ञानाचा मास्तर. घरातल्या इतर कुणाच्या ते डोक्यात येणार नाही हे समजू शकतं.

नाणं लग्नात दिलं गेलं नाही. डागी वस्तू नवरीला नको, आई म्हणाली. पुढच्या वर्षी भावाने बोट कायमची सोडली आणि घरी आल्यावर म्हणाला, सोनाराकडे देऊन आटवून टाकू, चेडवाला काहीतरी करू. मी कपाट उघडून डबी काढून दिली. त्याने ती फोडली. माझा गोंद अंगठ्याच्या एका दाबाने सुटला. नाणं पालथं केलं, आणि थांबला.

पानाच्या बाजूला, देठाशी, नवा लाल ठिपका होता. शेजारी आणखी एक, बारीक.

सहा वर्षं किल्ली जानव्यासारखी माझ्या अंगावर होती. कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. भावाने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसला.

“काय रे मास्तर! तुझो पण हात खारो काय?”

आईसुद्धा हसली. मीही हसलो बहुतेक. माझ्या वेळेला ती गंमत होती. किल्ली कुणी परत मागितली नाही.

वहिनी हसली नाही. ती गंभीरपणे म्हणाली, “भावजींचो हात तसो नाय. ह्यो माझोच जुनो दोष आसा, आता भायर इलो.”

भावाने नाणं तिच्यापुढे धरलं. “घे, बांध फडक्यात. सकाळी मालवणाक जातंय.” तिने हात पुढे केले नाहीत. पदर पसरला. त्याने नाणं पदरात टाकलं आणि तिने बोट न लावता पदराचीच गाठ मारली.

सकाळी त्याने ते सोनाराकडे आटवलं. पुतणीला दोन बांगड्या झाल्या. त्यांच्यावर डाग नाहीत.

पत्र अजून माझ्याकडे आहे. पुस्तक बदललं, अभ्यासक्रम दोनदा बदलला, पत्र मी दर वेळी जुन्यातून नव्यात ठेवत आलो. मधे मी ते जाळायलाही काढलं होतं, तेही जमलं नाही.

वहिनीला मी ते पत्र देणं लागतो; आईपुढे, भावापुढे, मोठ्याने वाचून. डाग तिच्या हाताने पडला नव्हता आणि चरे माझ्या हाताने पडले, हे दोन्ही देणं लागतो. कपाटाची किल्लीही तिचीच आहे. आज हे लिहीपर्यंत यातलं मी काहीही दिलेलं नाही.